सरळ कापलेले बारा कागद

बुधवार, ११ जून २०१४ रोजी संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीने ६,४८० रुपये भरले आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. पावती तिने मला सांभाळायला दिली होती, त्यामुळे तारखेत चूक असण्याचा संभव नाही. पैसे तिचे होते. मी फक्त सोबत गेलो होतो.

वर्ग एका स्टेशनरीच्या दुकानावर होता. जिना इतका अरुंद, की वरून कोणी उतरत असलं तर खालच्याने मागे सरायचं. वर एकच लांब खोली, अकरा टेबलं, दोन ट्यूबलाइट आणि भिंतीभर टाचण्यांनी लावलेले छापील कापडाचे चौकोनी तुकडे. दाराशी बसलेल्या बाईंनी वही उघडली आणि मान वर न करता विचारलं, “मुलगी आली आहे ना? तिची सही लागेल.”

“आली आहे की,” म्हणत बहिणीने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि सही ठोकली.

बाई ओशाळल्या. “हप्त्याने भरलेत तरी चालेल हं. महिन्याला तीनशे साठ.”

मीही तिला हळूच तेच सुचवलं. अठरा महिन्यांची रक्कम एकदम अडकवण्यात काय अर्थ?

“हप्त्याने भरले तर मधेच सोडावंसं वाटेल, दादा,” ती म्हणाली. “सगळे एकदम गेले की मग सोडवत नाही.”

हिशेबाच्या दृष्टीने हे चूक होतं. पण अठरा महिन्यांत तिने एकही तास बुडवला नाही.

तिला घरात ठिपकी म्हणतात. हनुवटीवर तीळ आहे म्हणून. चित्रं काढते म्हणून नव्हे, तरी वर्गातल्या मुलींनी तोच अर्थ लावला. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि ती नुकतीच शाळेतून बाहेर पडली होती. तिला चित्रकला शिकायची होती. प्रवेशाचा अर्जही तिने आणून ठेवला होता. दोघांच्या शिक्षणाला पुरेल एवढं घरात नव्हतं, आणि आई काही बोलायच्या आत तीच बोलून मोकळी झाली, “दादाचं अर्धं झालंय. माझं सुरूच झालेलं नाही. सुरू न झालेलं थांबवायला काय लागतं?” मी तेव्हा गप्प बसलो. पुढे परीक्षा दिल्या, नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, सगळं वेळच्या वेळी झालं.

ती काही वर्षं घरी शिवणकाम करत होती. मग विसाव्या वर्षी पडदे आणि चादरी छापणाऱ्या कारखान्यात लागली, तपासणीच्या टेबलावर. हे टेबल उतरतं असतं, वर काच आणि काचेखाली दिवा. छापलेलं कापड त्यावरून सरकत जातं आणि समोर उभं राहून बघत राहायचं. कुठे रंगाचा थेंब गळलेला, कुठे धागा तुटलेला, कुठे एक रंग दुसऱ्यावर नीट न बसता बाजूला सरकलेला. दोष दिसला की यंत्र थांबवायचं आणि त्या दोषाच्या बरोबर समोर, कापडाच्या कडेला, लाल दोऱ्याची गाठ मारायची. पुढचा माणूस कापड उलगडताना कडेला लाल दोरा दिसला की समजतो, इथून आत काहीतरी बिघडलंय. तिच्या ओढणीच्या टोकाला कायम दोन-चार लाल दोरे चिकटलेले असायचे. घरी आल्यावर माझी बायको ते वेचून काढायची.

या कामाने तिचा डोळा असा तयार झाला होता, की तिच्याबरोबर दुकानात जाणं म्हणजे शिक्षाच. बायकोने एकदा हौसेने बाहेरच्या खोलीला पडदे आणले. ठिपकी कामावरून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, “वहिनी, डावीकडून तिसऱ्या फुलाला देठ नाहीये.”

बायकोने जवळ जाऊन पाहिलं. खरंच नव्हता. त्यानंतर त्या पडद्यात तिला दुसरं काही दिसेना. “अहो, तुमच्या बहिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधा,” ती मला म्हणायची. “या घरात काही सुखाने लावता येत नाही.”

“दोष मी केला नाही, वहिनी, मी नुसता पाहिला.”

“तेच तर! आम्हाला दिसत नव्हता तोवर नव्हताच तो.”

त्रेचाळीस पूर्ण झाल्यावर एका रविवारी, मी कात्रणं चिकटवत बसलो असताना, ती समोर येऊन बसली. म्हणाली, “दादा, तेवीस वर्षं मी लोकांच्या नक्षीतले दोष शोधतेय. एकदा मला असं काहीतरी करायचंय, की त्यात दुसरं कोणीतरी दोष शोधत बसेल.”

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर डिझाइन खातं होतं. तिथे नक्षी काढणारी पाच माणसं होती, आणि त्यांतले एक जण दोन वर्षांत निवृत्त होणार होते. ती जागा कारखान्यातल्याच कोणाला मिळू शकत होती. अटी दोनच होत्या. स्वतः काढलेले सहा नमुने दाखवायचे, आणि अर्जाच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं. तिने हिशेब केला होता. अठरा महिने शिकायचं, एक महिना नमुने पुरे करायचे, तरी वाढदिवसाला दोन महिने उरतात. हा हिशेब मी तपासला. बरोबर होता.

शिकवणारे सर स्वतः चाळीस वर्षं एका छापखान्यात नक्षी काढून निवृत्त झालेले. मुली त्यांना पाठीमागे जोडसर म्हणत, कारण दर दोन वाक्यांनंतर त्यांच्या तोंडी तोच शब्द. चादरीवर शेकडो फुलं दिसत असली तरी मुळात एकच चौकोन असतो, तोच शेजारी शेजारी छापत जातात. चौकोनाच्या उजव्या कडेला जे पान अर्धं तुटलंय, ते शेजारच्या चौकोनाच्या डाव्या कडेला पुरं व्हायला हवं. तिथे जो सांधा येतो तो जोड. “जोड दिसला की नक्षी मेली,” असं सर म्हणत.

पहिल्या दिवशी त्यांनी मलाही वर बसवून घेतलं होतं. त्या तासाला त्यांनी फक्त कागद कापायला शिकवलं. पोलादी पट्टी, टोकदार पेन्सिल, आणि “काटकोन चुकला की पुढचं सगळं चुकलं” हे वाक्य. मला तो माणूस फार आवडला. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, “ही चित्रकला नाही, ही शिस्त आहे.” त्यानंतर मी कधी वर गेलो नाही. वर्ग आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी साडेसहा ते आठ. मी कार्यालयातून थेट तिथे जाऊन स्कूटर दुकानाच्या बाजूला लावायचो आणि वर्तमानपत्र वाचत उभा राहायचो. अठरा महिने. ती खाली यायची ती बोलतच. मुलींकडे संगणकाला जोडून चित्रं काढायच्या पाट्या होत्या, हिच्याकडे पेन्सिल. मुली आधी तिला काकू म्हणत होत्या, मग मावशी म्हणू लागल्या, शेवटी शेवटी ठिपकीताई. “बढती मिळत चाललीय मला,” ती मागे बसून ओरडायची, वाहतुकीच्या आवाजात ऐकू यावं म्हणून.

सरावाला कागद फार लागायचा. मी कार्यालयातून एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणून द्यायचो. त्यामुळे तिच्या पहिल्या वर्षाच्या साऱ्या वेलींच्या पाठीमागे आमच्या कार्यालयाचे ताळेबंद आहेत.

दुसऱ्या वर्षी तिने नक्षीचा विषय निवडला तो ऐकून सर हसत सुटले असं ती सांगत होती. तिने दोषच निवडले. गळका थेंब, तुटका धागा, सरकलेला रंग, सुरकुती, गाठ आणि विरलेली जागा. तेवीस वर्षं जे पाहून यंत्र थांबवलं त्याचीच सहा नक्षीकामं. गळलेल्या थेंबांची तिने फळं केली होती. तुटक्या धाग्यांचं गवत. मी कलेतला जाणकार नाही, पण ते गवत हलतंय असं वाटायचं.

डिसेंबर २०१५मधली एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी टेबलाशी बसून सोसायटीचे हिशेब जुळवत होतो. ती आतून आली आणि माझ्या कागदांवरच तिचं गवत पसरून म्हणाली, “दादा, बघ. जोड कुठे आहे सांग.”

मी पाहिलं. एक मोठा कागद, त्यावर गवत. “छान आहे,” मी म्हणालो.

“छान नको सांगूस. जोड सांग.”

“मला काही दिसत नाही बाई.”

ती इतकी खूश झाली, की तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि कागद गोळा करून आत पळाली. त्रेचाळीस आकड्यांची बेरीज मला पुन्हा करावी लागली. ते दोन कागद होते हे मला कळलं नाही. कळू नये यासाठीच तिने दीड वर्ष घातलं होतं.

नमुने द्यायची शेवटची तारीख १५ जानेवारी २०१६, शुक्रवार, दुपारी चारपर्यंत. प्रत्येक नमुन्याच्या दोन प्रती द्यायच्या होत्या, म्हणजे तपासणारा त्या शेजारी ठेवून जोड पाहणार. सहा दुणे बारा कागद. त्या आठवड्यात तिची पाळी सकाळी सहा ते तीनची होती आणि तपासणीचं टेबल सोडून वरच्या मजल्यावर जायची परवानगी नव्हती, आणि पाळीवर येताना बाहेरचं काही सामान आत नेऊ देत नसत. तिथून सुटून, घरी येऊन, कागद घेऊन परत चारच्या आत पोचणं अशक्य. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीनंतर नेऊन देईन असं ठरलं.

आदल्या दिवशी तिने मला शंभरची नोट दिली. “एक चांगली फाईल आण, दादा. प्लास्टिकचे कप्पे असलेली. छत्तीसची आण हं, कागद वाकता कामा नयेत.”

दुकानात छत्तीस सेंटिमीटरची फाईल एकशे चाळीसला होती. बत्तीसची बहात्तरला होती. मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. चार सेंटिमीटरसाठी अडुसष्ट जास्त मोजणं मला पटलं नाही. मी बत्तीसची घेतली.

शुक्रवारी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत मी कागद फाइलीत घालायला बसलो आणि ते कप्प्यात जाईनात. मी तेव्हा प्रथमच ते नीट पाहिले. एकाही कागदाची कड सरळ नव्हती. कुठे बाहेर फुगलेली, कुठे आत शिरलेली, उंदराने कुरतडावी तशी. मला मनापासून वाईट वाटलं. बिचारी दिवसभर उभी राहून थकते, घाईत कापले असणार. मला सरांचं काटकोनाचं वाक्य आठवलं. असे कागद वरच्या साहेबांसमोर गेले तर नक्षी बघायच्या आधीच मन उतरेल.

आमच्याकडे कागद कापायचं जुनं, जड पात्याचं यंत्र आहे. मी प्रत्येक कागदावर बारीक पेन्सिलीने आखलं, दोनदा मोजलं आणि चारही बाजू सरळ केल्या. बारा कागद, प्रत्येकी एकतीस बाय एकतीस. पन्नास मिनिटं लागली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आमचा शिपाई बाजूला उभा राहून पाहत होता. माझ्याच वयाचा, तिरकस बोलणारा. म्हणाला, “साहेब, तुम्ही चुकून हिशेबाकडे आलात. न्हावी व्हायला हवे होतात.”

“कागद आहे तो, डोकं नव्हे.”

“आणि या कातरणी? टाकू?”

टेबलावर वळणावळणाच्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. त्यांच्यावर पानांचे शेंडे होते, गवताची टोकं होती. “टाक,” मी म्हणालो.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी फाईल कारखान्यात दिली आणि पोच घेतली.

संध्याकाळी जेवताना मी ते सांगितलं. मी स्वतःहून, आनंदाने सांगितलं, हे लिहायला हवं. “ठिपके, तुझे कागद फार वेडेवाकडे होते बरं का. मी सगळे एका मापात आणले. बघणारा खूश होईल.”

तिचा हात ताटातच थांबला. “कापलेस?”

“यंत्रावर. एकदम काटकोनात.”

“किती?”

“फार नाही. कुठे अर्धं बोट, कुठे बोटभर.”

तिने ताट थोडं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “कातरणी कुठेत, दादा?”

“कातरणी कशाला हव्यात? टाकल्या.”

“बरं,” ती म्हणाली. पाणी प्यायली, ताट उचललं आणि आत गेली.

“दमली असेल,” मी बायकोला म्हणालो.

सोमवारी शिपायाने सांगितलं, की शनिवारी सकाळी, कार्यालय उघडायच्या आधी, माझी बहीण येऊन गेली. झाडणाऱ्या बाईकडे शुक्रवारचा कचरा मागत होती. तो आदल्या संध्याकाळीच गेला होता. “खाली कुंडीतही वाकून पाहिलं त्यांनी,” तो म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता.

मी घरी विचारलं, “काय हरवलं होतं गं?”

“पेन्सिल,” ती म्हणाली. “राहिली असेल कागदांत असं वाटलं.”

मला ते पुरलं. आमच्या कार्यालयात पन्नास पैशांचा फरक निघाला तर मी तीन दिवस शोधतो. पण पेन्सिलीसाठी कोणी पाळी बुडवून सकाळी सातला कचराकुंडीत वाकत नाही, हे मला सुचलं नाही.

८ फेब्रुवारीला फाईल परत आली. सोबत टंकलिखित दोन ओळी. ‘कल्पना उत्तम. परंतु सहाही नमुन्यांत जोड जुळत नाही. अर्जदाराने मूलभूत तंत्राचा अभ्यास करावा.’ मार्चमध्ये तिला पंचेचाळीस पूर्ण झाली. जागा गोदामातल्या एका मुलाला मिळाली.

मला राग आला आणि तो मी नको तिथे काढला. मी त्या जिन्यावरून वर गेलो आणि जोडसरांना म्हणालो, “दीड वर्ष जोड जोड करत होतात, आणि तोच शिकवला नाहीत. फी परत द्या.”

सर खुर्चीतून उठले. “तिचा जोड चुकणार नाही,” ते म्हणाले. “माझा चुकेल. कागद आणून दाखवा मला.”

मी घरी येऊन कागद मागितले. ती दारात उभी राहिली. “नको, दादा.”

“अगं, त्या माणसाच्या तोंडावर मारतो.”

“त्यांचं काही चुकलं नाही. माझाच हात चुकला. आता पुरे.”

“तुझा हात चुकला असं तूच म्हणतेस?”

“हो. मीच म्हणतेय ना? मग झालं तर.”

सरांना मी कागद नेऊन दाखवले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी वर्ग बंद केला आणि ते मुलाकडे दूर कुठेतरी राहायला गेले. जाताना ते काय समजून गेले असतील याचा विचार मी अलीकडे करतो. ठिपकी तपासणीच्या टेबलावर परत गेली, म्हणजे तिथून ती हललीच नव्हती. तिच्या पेन्सिली बायकोने वाण्याच्या यादीसाठी वापरून संपवल्या. पडद्यातले दोष मात्र ती सांगेनाशी झाली. नवीन पडदे आणले तेव्हा बायकोने मुद्दाम विचारलं, “काय गं, काही आहे का यात?” तर ती म्हणाली, “छान आहेत, वहिनी.”

आठ वर्षं गेली.

मागल्या वर्षी मार्चमध्ये आतल्या खोलीला रंग द्यायचा होता. ठिपकी कामावर होती. कपाट सरकवण्यासाठी मी ते रिकामं करत होतो, तेव्हा अंथरुणांच्या खाली ती फाईल सापडली. मी ती उघडली ती केवळ कागदांना ओल लागली आहे का हे पाहायला.

बाराही कागदांच्या कडेला लाल दोरा होता. प्रत्येक कागदाला, प्रत्येक बाजूला, सुईने भोक पाडून मारलेली एक बारीक गाठ. नक्षीवर कुठेही नाही. फक्त मी कापलं होतं तिथे.

मी खाली फरशीवर बसलो. गवताचे दोन्ही कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. मध्ये सरळ रेघ पडली. अलीकडची पाती तुटलेली, पलीकडची भलतीकडेच सुरू होणारी. फाइलीच्या शेवटच्या कप्प्यात आणखी दोन कागद घडी करून ठेवलेले होते, मागे आमच्या कार्यालयाचा ताळेबंद असलेले. तिच्या सरावाचे. त्यांच्या कडा तशाच होत्या, फुगलेल्या, आत शिरलेल्या. मी एक कागद दुसऱ्याकडे सरकवला. दातात दात बसावेत तशा त्या बसल्या. प्रत्येक पात्याला वळसा घालून कापलं होतं, म्हणजे एकही पातं तुटू नये आणि डोळ्याला धरायला सरळ रेघच सापडू नये. मी बोटाने चाचपत जोड शोधला. बोटाला लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता.

रंगारी दारात येऊन विचारत होता, भिंत कोणत्या बाजूने सुरू करू. मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा फाईल टेबलावर होती. तिने पाहिली, ओढणी खुंटीला अडकवली आणि समोर बसली. बायको चहा ठेवून आत निघून गेली.

“तू त्याच दिवशी का बोलली नाहीस?” मी म्हणालो. “मी शनिवारी सकाळी गेलो असतो. सांगितलं असतं, चूक माझी आहे. लेखी दिलं असतं.”

“माहीत आहे. म्हणूनच बोलले नाही.”

“म्हणजे?”

“तू लेखी दिलं असतंस, खाली सही केली असतीस, आणि एक प्रत स्वतःच्या फाइलीला लावली असतीस. मग जन्मभर तीच काढून वाचत बसला असतास. ओळखत नाही का मी तुला?”

“आता तरी दुसरं काय करणार आहे?”

“आता आठ वर्षं उशिरा वाचतोयस. तेवढी तर सुटली.”

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

“अठरा महिने तू खाली उभा होतास, दादा,” ती म्हणाली. “थंडीत, पावसात. मी खिडकीतून बघायची. सर ओरडले की खाली बघायचं, तू पेपर धरून उभा. मग परत पेन्सिल धरायची. डिझाइन खात्यात वर जाऊन काय सांगू, की याच भावाने माझं नुकसान केलं?”

“पण केलंच ना?”

“केलंस,” ती म्हणाली. तिने ते मऊ करून सांगितलं नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. “पहिले दोन महिने तुझ्या हाताकडे बघवत नव्हतं मला. तू पेपर घडी घालायचास ना, कडेला कड लावून, तर मी उठून आत जायची.”

मला ते आठवत होतं. ती उठून जायची हे आठवत होतं. मी त्याला कामाचा शीण समजत होतो.

“पुन्हा काढ,” मी म्हणालो. “मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. आपण दुसरीकडे कुठे दाखवू. मी कागद धरीन नुसते. हातही लावणार नाही.”

“धरणार कसे मग, हात न लावता?” ती हसली. मग हसणं ओसरलं. “नाही रे. मी बसून पाहिलं, नाही असं नाही. दोन-तीनदा. पण कडेपर्यंत गेले की हात थांबतो. मधलं सगळं येतं. कडेला आलं की वाटतं, हे राहणार नाहीये.”

थोड्या वेळाने मी विचारलं, “दोरे का बांधलेस?”

“सवय. दोष दिसला की हात जातो.”

“आणि दोरा बांधलेल्या मालाचं पुढे काय होतं तुमच्याकडे?”

“फेकत नाहीत,” ती म्हणाली. “कमी भावाने विकतात.”

तिने फाईल उचलली, पुसली आणि परत कपाटात नेऊन ठेवली. खोलीला रंगाचा वास येत होता म्हणून ती त्या दिवशी बाहेरच्या खोलीत झोपली.

दुसऱ्या दिवशी मी पाकिटातून सुटे काढून तिच्यासमोर ठेवले. सांगितलं, फाईल बहात्तरची होती, तुझे उरलेले द्यायचे राहिले. तिने ते माझ्या बाजूला परत सरकवले. “छत्तीसची आण म्हणाले होते मी,” ती म्हणाली. “ती आणशील तेव्हा हिशेब करू.” आणि ओढणी घेऊन कामावर गेली.

छत्तीसची फाईल मी त्याच आठवड्यात आणली. ती तिच्या कपाटात आहे, रिकामी. ती अजून कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभी असते. तिची चार वर्षं उरली आहेत. या महिनाअखेरीस मी निवृत्त होत आहे. माझी सगळी येणी-देणी पूर्ण झाली आहेत, एक सोडून. शंभरातून बहात्तर गेले. अठ्ठावीस तिचे माझ्याकडे आहेत.